पहिली टेली (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स घेताना
भावा, पहिली टेली कुठली घेऊ विचारलंस, कॅननची क्रॉप बॉडी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) हाय म्हणतोस तर सरळ कॅननचीच ५५-२५० एमएम एसटीएम झूम लेन्स बघ, सेकंडहँड घेतलीस तरी चालतंय, वजन ३७५ ग्रॅम, सॅकमध्ये कळत पण नाही आणि क्रॉपमुळं फुल फ्रेमवरच्या ४०० एमएमसारखी फ्रेम मिळती, कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरच्या बगळ्यांना लई झालं. फक्त २५० एमएमला ॲपर्चर (उजेड आत घेणारं भोक) जास्तीत जास्त ५.६ च उघडतंय, म्हणजे उजेड कमी, त्यामुळं दाजीपूर अभयारण्याच्या झाडीत संध्याकाळी गवा दिसला तर आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग) वाढवायलाच लागतंय. आयएस (लेन्समधलं हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायचं तंत्र) तुझा हात सांभाळतंय, पळणारा गवा न्हाई! जुनी घेताना मागनं मोबाईलची टॉर्च मारून काचेत बघ, आपल्याकडच्या पावसात बुरशी धरती, कोळ्याच्या जाळ्यागत धागे दिसले की समोरचा काय बी बोलू दे, घेऊ नको. कॅननचीच ७५-३०० थ्री लेन्स स्वस्त मिळती पण तिला आयएस नाही, त्या नादाला लागू नकोस.