घरात मराठी बोलल्याने इंग्रजी बिघडत नाही

प्रश्न : आयेल्ट्स या, परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेच्या तोंडी भागात मराठी वळणाच्या उच्चारांमुळे गुण जातात का?

वळणामुळे नाही. शब्द ऐकणाऱ्याला कळलाच नाही, तर जातात.

प्रश्न : क्लासने आयेल्ट्समध्ये आठ बँडची (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणश्रेणी) हमी दिली आहे आणि निबंध पाठ करायला दिले आहेत. करू का?

मुळीच नको. अशी हमी कुणालाच देता येत नाही. पाठ केलेला मजकूर परीक्षक ओळखतात आणि गुण कापले जातात. लेखनाच्या 60 मिनिटांतली 40 दुसऱ्या प्रश्नाला ठेवा. त्याला दुप्पट वजन असतं, किमान 250 शब्द लागतात. फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा, प्रत्येक विभागात किती बँड हवेत. निकाल साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे, अजून एकेकच शब्द बोलते. शेजारी म्हणतात, दोन भाषांमुळे उशीर होतो, थांबा. बाई म्हणतात, घरी इंग्रजीच बोला. आमचं इंग्रजी बेताचं आहे.

थांबू नका! दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. दोन वर्षांचं मूल 'दूध दे', 'बाबा आले' असे शब्द जोडू लागतं, मग भाषा कुठलीही असो. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि श्रवणचाचणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी मुलाला कमी ऐकू येतं, आणि घरच्यांना वाटतं ते हट्टी आहे. पुढे वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतील तसं करा.

आता बाईंच्या सल्ल्याचं. बेताच्या इंग्रजीत तुमचं बोलणं 'कम', 'सिट', 'ईट फास्ट' एवढ्यावर येतं. मराठीत मात्र तुम्ही सहज म्हणता, 'कणीक सैल झाली, थोडं पीठ घालू, नाहीतर पोळी पोळपाटाला चिकटेल.' कारण, उपाय, परिणाम, सगळं त्या एका वाक्यात आलं. अशी वाक्यं कानावर पडलेल्या मुलीला पुढे 'इफ' आणि 'बिकॉज' समजतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तिथे, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलं आहे. इंग्रजी हवंच, त्यासाठी एक चित्रांचं पुस्तक आठवडाभर रोज दहा मिनिटं वाचा. चित्रांवरच्या गप्पा मराठीत होऊ द्या. बाईंना भेटून हे सांगा.

प्रश्न : 'आय हॅड गॉन देअर येस्टर्डे' चूक का?

'काल गेलो होतो'चं ते शब्दशः इंग्रजी आहे. मराठीत 'होतो' असा सहज येतो. इंग्रजीत 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्याही आधीचं सांगताना. नुसता 'येस्टर्डे' असेल तर 'वेन्ट'. 'पासून'चंही तसंच : 'सिन्स टू इयर्स' नाही, 'फॉर टू इयर्स', 'सिन्स' लावायचा तो 2022 सारख्या सुरुवातीच्या वेळेला. रोज पाच वाक्यं लिहा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.