वाचकांचे प्रश्न : यूट आणि मेक्सिकन वस्त्यांची तुलना कशी करावी?

प्रश्न : मुलीकडे डेन्व्हरला गेलो असताना आम्ही कोलोरॅडो राज्याचा दक्षिण भाग पाहिला. इग्नासिओ गावी यूट आदिवासींचे मुख्यालय आहे. तिथली ऐसपैस कार्यालये, संग्रहालय आणि कॅसिनो पाहून आश्चर्य वाटले. परतताना सान लुइस या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या जुन्या गावी थांबलो, तर तिथे बरीच दुकाने बंद आणि रस्त्यावर फारशी माणसे नाहीत. मेक्सिकन लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व १८४८ मध्येच मिळाले आणि यूटांना ते सरसकट मिळायला १९२४ साल उजाडले, असे वाचले होते. मग ज्यांना हक्क आधी मिळाले ते मागे आणि ज्यांना उशिरा मिळाले ते पुढे, असे कसे झाले?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण जे पाहिले ते खरे आहे, मात्र त्यावरून सगळे यूट सुस्थितीत आहेत असे समजू नये. तो मुद्दा थोड्या वेळाने घेतो. आधी आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू, कारण नागरिकत्व आधी मिळूनही एक समाज मागे का राहिला, याचे उत्तर जमिनीच्या कागदपत्रांत सापडते.

यूटांची जमीन गेली ती करारांनी. १८६८ च्या करारात पश्चिम कोलोरॅडोतील सुमारे १ कोटी ६० लाख एकरांचा प्रदेश त्यांचा म्हणून मान्य झाला होता. पाचच वर्षांनी, सान हुआन पर्वतातील खाणींवर डोळा ठेवून, १८७३ च्या करारनाम्याने त्यातले सुमारे ३७ लाख एकर काढून घेण्यात आले. १८७९ मध्ये नेथन मीकर या सरकारी एजंटाने यूटांनी शेतीच केली पाहिजे या हट्टापायी त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नांगर घालायला लावला. त्यातून उसळलेल्या संघर्षात मीकर आणि त्याची माणसे मारली गेली. ‘यूटांना हाकला’ ही मागणी आधीपासून होतीच, तिला निमित्त मिळाले. १८८१ मध्ये उत्तरेकडच्या यूट गटांना लष्कराच्या पहाऱ्यात शेजारच्या युटा राज्याच्या प्रदेशात नेऊन सोडले. दक्षिणेकडच्या यूटांकडे उरली ती राज्याच्या सीमेलगतची सुमारे ११० मैल लांब आणि १५ मैल रुंद पट्टी. तीही टिकली नाही. १८९५ च्या कायद्याने माणशी जमीन वाटायचे ठरले, ३७१ जणांच्या नावे सुमारे ७३ हजार एकर लागले, आणि १८९९ च्या मे महिन्यात उरलेली पाच लाखांहून अधिक एकर जमीन बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुली झाली. ती घेणाऱ्यांत गोरे होते, तसे स्पॅनिश बोलणारे शेतकरीही होते.

एवढे सगळे गेल्यावरही एक गोष्ट यूटांच्या हाती राहिली. करारात एक पक्ष म्हणून त्यांची जमात कायद्याला ठाऊक होती. राखीव प्रदेश कितीही आक्रसला तरी तो जमातीच्या नावे होता आणि त्यासोबत पाण्यावरचा हक्कही होता. (रिझर्व्हेशनसाठी आपल्याकडे कुणी ‘आरक्षण’ हा शब्द वापरला, की तो नोकऱ्यांतल्या राखीव जागांशी जोडला जातो आणि सगळीच गल्लत होते, म्हणून मी ‘राखीव प्रदेश’ म्हणतो.) १९३८ मध्ये न विकली गेलेली दोन लाख एकरांहून अधिक जमीन दक्षिणी यूट जमातीला परतही मिळाली. पुढे याच प्रदेशाखाली नैसर्गिक वायूचे मोठे साठे निघाले. बाहेरच्या कंपन्या किरकोळ स्वामित्वधन देऊन वायू नेतात हे पाहून जमातीच्या परिषदेने १९७४ मध्ये वायू काढण्याचे नवे भाडेपट्टे देणेच थांबवले आणि ही बंदी दहा वर्षे चालू ठेवली. तेवढ्या अवधीत जुने पट्टे तपासून झाले, हिशेब समजून घेतले गेले, आणि १९९२ मध्ये ‘रेड विलो’ ही स्वतःची उत्पादन कंपनी उभी राहिली. लेनर्ड बर्च यांच्या अध्यक्षपदाच्या दीर्घ काळातले हे काम मला फार मोलाचे वाटते. कॅसिनो पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो. परंतु इग्नासिओचा पैसा मुख्यतः त्या वायूतून आला. सगळेच दावे जमातीने जिंकले असेही नाही. वसाहतवाल्यांना गेलेल्या जमिनींखालचा कोळसा जमातीचा, पण त्या कोळशातला वायू तिचा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला.

आता सान लुइस. १८५१ मध्ये वसलेले हे कोलोरॅडोतले सर्वांत जुने गाव. मेक्सिकोच्या राजवटीत दिलेल्या ‘सांग्रे दे क्रिस्तो’ या सुमारे दहा लाख एकरांच्या इनामावर न्यू मेक्सिकोतली कुटुंबे येऊन राहिली. प्रत्येकाला नदीपासून डोंगराकडे जाणारी शेताची लांबट पट्टी, गावाला ‘वेगा’ म्हणजे गायरान, आणि डोंगरावर चराई, सरपण व इमारती लाकडाचा हक्क, अशी ती व्यवस्था. पाणी पाटाने येई. १८५२ मध्ये खणलेला त्यांचा ‘जनतेचा पाट’ आजही वाहतो आणि राज्यातला सर्वांत जुना अखंड पाणीहक्क त्याच्याच नावे आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, ते तिथे ‘मायोर्दोमो’ करतो. वसंत ऋतूत घरटी माणूस फावडे घेऊन येतो, मायोर्दोमो काठीने मापून प्रत्येकाच्या वाट्याचा पाट आखून देतो, आणि तेवढा गाळ उपसल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने या लोकांना नागरिकत्व मिळाले, हे आपण म्हणता ते बरोबर. परंतु मेक्सिकोने दिलेली इनामे मान्य करण्याविषयीचे दहावे कलम अमेरिकेच्या सिनेटने तहातून वगळले. व्यक्तीच्या नावावरचे शेत न्यायालयाला समजत होते, गावाचे डोंगर समजत नव्हते. न्यू मेक्सिकोतील सान मिगेल देल वादो या इनामात तीन लाखांहून अधिक एकरांवर गावांनी हक्क सांगितला होता. सामायिक जमीन गावाची नसून सरकारची, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये ठरवले आणि हाती जेमतेम पाच हजार एकर राहिले. सान लुइसचा डोंगर खासगी मालकांच्या हातून फिरत फिरत १९६० मध्ये जॅक टेलर या लाकूड व्यापाऱ्याकडे गेला आणि त्याने सुमारे ७७ हजार एकरांचे रस्ते बंद केले. ज्याच्या घरी वीस गुरे होती त्याला उन्हाळ्यात ती चारायला जागाच उरली नाही, मग ती विकावी लागली आणि तरुण पोरे कामासाठी बाहेर पडली. गावकऱ्यांनी १९८१ मध्ये दावा लावला. चराई, सरपण आणि लाकूड हे तीन हक्क कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २००२ मध्ये. म्हणजे डोंगर बंद झाल्यापासून बेचाळीस वर्षे गेली होती. आपल्याला बंद दिसलेल्या दुकानांमागे हा काळ आहे.

आता राहिलेला मुद्दा. इग्नासिओच्या पश्चिमेला टोवाओक हे यूट माउंटन यूट जमातीचे गाव आहे. १८९५ मध्ये माणशी वाटप नाकारून यूटांच्याच वेमिनुचे गटाचे लोक पश्चिमेकडे सरकले, म्हणून त्यांची जमीन एकसंध राहिली. पण ती कोरडी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या गावात नळाचे पिण्याचे पाणी नव्हते. शेजारच्या कॉर्टेझहून टँकर यायचा आणि लोक पिंपे भरून ठेवायचे. १९८८ च्या पाणीहक्क तडजोडीनंतर डोलोरेस प्रकल्पाचे पाणी आले आणि जमातीने हजारो एकरांवर शेती उभी केली. २०२१ च्या दुष्काळात मात्र त्या शेतीला नेहमीच्या सुमारे दहा टक्केच पाणी मिळाले, शेते पडीक राहिली आणि कामगारांना घरी बसावे लागले. आपण इग्नासिओऐवजी टोवाओकला थांबला असता तर कदाचित उलटा प्रश्न विचारला असता.

प्रश्न : दोन्ही समाजांची जमीन एकाच सत्तेने घेतली. मग ते एकत्र येऊन का लढले नाहीत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारण त्या सत्तेच्या आधी ते एकमेकांसमोर उभे होते. ज्या सान लुइस खोऱ्यात मेक्सिकोने इनाम दिले ती यूटांची शिकारीची भूमी होती, आणि इनाम देताना त्यांना कुणी विचारले नव्हते. तिथे वस्ती करण्याचे पहिले प्रयत्न यूटांनी परतवून लावले. १८५४ च्या नाताळात यूट आणि हिकारिया अपाचे या दुसऱ्या आदिवासी जमातीने पुएब्लोच्या ठाण्यावर हल्ला करून तिथल्या रहिवाशांना मारले. दुसऱ्या बाजूला, हिस्पानो म्हणजे इथल्या जुन्या, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या घरांत पळवलेली किंवा विकत घेतलेली आदिवासी मुले राबत होती. लाफायेट हेड या सरकारी एजंटाने १८६५ मध्ये कोनेहोस आणि कोस्तिया परगण्यांतल्या अशा बंदिवानांची नावनिशीवार यादी केली होती. आपण ज्यांना पीडित म्हणून ओळखतो त्यांच्याच घरातली ही यादी आहे, आणि ती बाजूला ठेवून कुणी या खोऱ्याचा इतिहास सांगू लागले तर मला तो अर्धाच वाटतो. यूटही या व्यापारापासून दूर नव्हते. पायूट या वेगळ्या, दुबळ्या आदिवासी टोळ्यांतली मुले पकडून ते न्यू मेक्सिकोत विकत.

तरीही शेजार होता, आणि तो नुसता वैराचा नव्हता. यूटांचा प्रसिद्ध नेता उरे याचे बालपण ताओसच्या परिसरात मेक्सिकन कुटुंबांची मेंढरे राखण्यात गेले. त्याला स्पॅनिश उत्तम येत असे. वाटाघाटींत यूट भाषेतले बोलणे आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत जाई. लाखो एकर ज्या बोलण्यांत गेले त्यांतला मधला दुवा शेजाऱ्यांची भाषा होती. इग्नासिओ हे गावाचे नावसुद्धा एका यूट प्रमुखाचे आहे, आणि ते नाव स्पॅनिश आहे.

एकत्र लढा न होण्याचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. यूटांचे गाऱ्हाणे केंद्र सरकारशी होते आणि ते मांडायला जमातीकडे वकील होते. १९५० मध्ये त्यांना गेलेल्या जमिनींपोटी तीन कोटी डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. हिस्पानोंना तसे एकच दार नव्हते. त्यांनी १९०० मध्ये अँटोनितो येथे कामगारांची परस्पर साहाय्य संस्था काढली, १९१४ मध्ये अलामोसाच्या पालकांनी रेल्वेच्या रुळांपलीकडच्या ‘मेक्सिकन शाळे’त मुलांना बळेच पाठवण्याविरुद्ध दावा जिंकला, आणि हे प्रत्येक गाव आपापल्या बळावर करत राहिले.

प्रश्न : मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. अशा दोन समाजांची तुलना करताना दरडोई उत्पन्न पुरेसे आहे का? की दुसरे काही मोजावे?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : उत्पन्न जरूर पाहा, पण आधी कुणाचे मोजता ते ठरवा. ‘मेक्सिकन’ या एका शब्दात तीन तरी थर आहेत : १८४८ च्या आधीपासूनचे हिस्पानो, विसाव्या शतकात साखरबीटच्या मळ्यांवर आलेली मजूर कुटुंबे, आणि अलीकडचे स्थलांतरित. बीटच्या रोपांची विरळणी आखूड दांड्याच्या कुदळीने होई, दिवसभर कमरेत वाकून, आणि मुलेही सोबत असत. १९३६ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर एड जॉन्सन यांनी अशा मजुरांना अडवण्यासाठी राज्याच्या दक्षिण सीमेवर लष्करी कायदा पुकारला, तेव्हा अडवलेल्यांत न्यू मेक्सिकोचे अमेरिकी नागरिकही होते. ‘यूट’ या शब्दाचेही तसेच. युटामधल्या ४९० मिश्र रक्ताच्या व्यक्तींची नावे १९५४ च्या कायद्याने जमातीपासून वेगळी काढण्यात आली. ती माणसे, त्यांची घरे तीच राहिली. आकडेवारीतला त्यांचा रकाना बदलला.

१९६० च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठाच्या रिचर्ड जेसर आणि सहकाऱ्यांनी याच भागातल्या गोऱ्या, स्पॅनिश आणि आदिवासी अशा तीन गटांचा अभ्यास केला होता. विषय होता मद्यपान आणि नियमभंगाचे वर्तन. संधींच्या बाबतीत स्पॅनिश गट आदिवासींसारखाच वंचित होता, पण कुटुंब आणि चर्च यांचा धाक व आधार त्याला अधिक असल्याने त्याच्यात अशा वर्तनाचे प्रमाण कमी दिसले. या अभ्यासातून एक धडा घेण्याजोगा वाटतो : वंशाला दोष न देता संधी आणि आधार वेगवेगळे मोजावेत. त्यात मी एक भर घालेन. यूट कुटुंबाचा आधार दुबळा का झाला, हेही तपासा. मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा बंद केली, हे त्याचे एक थेट कारण आहे.

शिक्षणाचा मापदंड घेतला तर एक संस्था जवळून पाहण्यासारखी आहे. हेस्पेरसजवळच्या फोर्ट लुइस या जुन्या लष्करी ठाण्यात १८९२ पासून आदिवासी मुलांची अशीच निवासी शाळा होती. १९११ मध्ये ती जागा राज्याला मिळाली, आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काविना देण्याच्या अटीवर; आणि आज डुरँगोत असलेले फोर्ट लुइस महाविद्यालय ती अट पाळते. इग्नासिओच्या शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी यूट मुलाचे तिथले शुल्क माफ होते, हिस्पानो मुलाला ते भरावे लागते किंवा मदत शोधावी लागते. हिस्पानो घरात यावरून नाराजी ऐकू आली तर ती खोटी समजू नका, आणि यूट घरात त्या जुन्या शाळेविषयी आजीने काय सांगितले तेही विचारा. दोन्ही उत्तरे एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहा.