पहिल्यांदाच घाटात जाताय? मग एवढंच बघा

तुम्ही नवरा-बायको दोघंच, पणजीहून स्वतःच्या गाडीने, बेताच्या खर्चात घाट फिरायचा म्हणताय, तर लांब कशाला? पणजी–साखळी–केरी–चोर्ला घाट–बेळगाव, परतताना आंबोली–सावंतवाडी–बांदा. फेरी साधारण पावणेतीनशे किलोमीटरची, म्हणजे गाडी लिटरला 15 देत असेल तर 18-19 लिटर पेट्रोल. टाकी गोव्यातच फुल करा, सीमेपलीकडे महाग पडतं.

नवखे चुकतात ते उतारावर. ब्रेकवर पाय ठेवूनच खाली येतात, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल तर अजिबात नको, त्यात वाचलेलं पेट्रोल परवडत नाही! चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

बाकी:
- अंधार पडायच्या आत घाट उतरा. पावसाळ्यात आंबोलीत भरदिवसा धुकं असतं.
- एक मुक्काम आंबोलीत, तोही शनिवार-रविवार टाळून. खोल्या स्वस्त मिळतात, धबधब्याजवळ गाड्यांची रांगही नसते.
- डिकीत ‘गोव्याची भेट’ म्हणून बाटल्या नकोत. परवान्याशिवाय नाक्यावर अडकाल.

वहिनींना गाडी लागत असेल तर पुढे बसवा, निघताना पोटभर मिसळ टाळा. टायरची हवा आदल्या दिवशी बघा, स्टेपनीचीसुद्धा. मी एकदा विसरलो होतो, चोर्ल्यात दोन तास माकडं मोजली.