ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यात हळद, लसूण, शेवगा घातला तर वजन वाढतं का?

थोडंफार, पण हळदीने 35 दिवसांची कोंबडी 25 दिवसांत तयार होत नाही. या गोष्टी मुख्यतः पचन आणि आतडी सांभाळतात.

मी हळद पूड खाद्याच्या किलोमागे 5 ग्रॅम धरतो. लसूण पूडही साधारण तेवढीच, आणि लसूण आधी नीट वाळलेला हवा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, दळून 3 ते 5 टक्क्यांपर्यंत ठीक. त्यापुढे तंतू वाढतात, पिल्लं खाद्य चिवडतात आणि वजन उलट मागे पडतं. पहिल्या आठवड्यात पाला नकोच.

आपल्या कोकणात खरी गोम पावसाळ्यात आहे. जुलैत शेडच्या भिंतीला टेकलेलं पोतं उघडा, मक्याला कुबट वास आणि हिरवट बुरशी. त्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खातं. हळदीने त्याचा त्रास थोडा कमी होतो म्हणतात, पण म्हणून बुरशीचं खाद्य घालायचं नाही, फेकायचं! पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की लगेच बदला.

कंपनीशी करार करून पक्षी घेतले असतील तर कंपनीच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय काही मिसळू नका. पक्षी स्वतःचे असतील तर आधी पन्नासेक पक्ष्यांवर करून बघा, दर आठवड्याला काट्यावर वजन घेऊन.