पांढऱ्या उपरण्याच्या घड्या

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले, आईबाबांच्या लग्नाच्या निगेटिव्हचे स्कॅन पाहिले. नवरदेवाचं उपरणं नुसतं पांढरं ठिगळ झालंय, अष्टपुत्रीचा, म्हणजे नवरीच्या साडीचा, पिवळा सपाट पडलाय आणि मांडवाचा मागचा कोपरा करड्या दाण्यांनी भरलाय. उपरण्याच्या घड्या निगेटिव्हवर शाबूत असणार, त्या छाटल्या स्कॅनरच्या ‘ऑटो’ने.

आधी निगेटिव्हची पट्टी उजेडावर धर. मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडलंस तरी चालेल. फोटोत जे सर्वांत उजळ, ते निगेटिव्हवर सर्वांत दाट. उपरणं तिथे गडद दिसेल आणि भिंगातून त्याच्या घड्याही दिसतील. मग दोन फ्रेममधली कोरी नारिंगी फट बघ आणि मांडवाचा तो कोपरा तिच्याशी ताडून बघ. रंग अगदी सारखा असेल तर फिल्मवर तिथे काही उमटलेलंच नाही. मग शॅडोचा (सावल्या उजळण्याचा) स्लायडर कितीही ओढ, दाणे आणि मळकट निळसर झाक यापलीकडे काही मिळायचं नाही. तो कोपरा काळाच राहू दे.

कलर निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्तीचा उजेड सहज पचवते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. म्हणून आपली सगळी मेहनत उजळ टोकाला हवी. लोक नेमकं उलट करतात, सावल्या उकरत बसतात.

स्कॅन करताना क्रॉपची चौकट चित्राच्या आत घे. फिल्म धरणाऱ्या होल्डरची काळी कड आत आली तर रंग उलटल्यावर ती लख्ख पांढरी होते आणि ऑटोचा सगळा हिशेब चुकतो. फाइल 48 बिट टिफमध्येच ठेव, म्हणजे प्रत्येक रंगाला 16 बिट. निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो, तो ताणावाच लागतो; 8 बिटच्या 256 पायऱ्या ताणल्या की चेहऱ्यावर पट्टे दिसू लागतात. हिस्टोग्रामच्या, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या आलेखाच्या, दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोड. स्कॅन फिका, मरगळलेला दिसेल, दिसू दे. कॉन्ट्रास्ट नंतर केव्हाही वाढवता येतो, छाटलेलं टोक मात्र परत येत नाही.

आता रंगाचं. तो नारिंगी थर म्हणजे फिल्म जुनी झाल्याची खूण नव्हे. फिल्ममधली रंगद्रव्यं अगदी शुद्ध नसतात, त्याची भरपाई म्हणून तो मास्क मुद्दाम घातलेला असतो. 1972 पासून चालत आलेल्या सी-41 या कलर निगेटिव्ह धुण्याच्या प्रोसेसच्या नेहमीच्या फिल्मवर तो दिसतोच. तो निळा उजेड अडवतो, त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आलेख तीन वेगळ्या जागी बसतात. प्रत्येक चॅनलचं, म्हणजे प्रत्येक रंगाचं, काळं आणि पांढरं टोक स्वतंत्र लाव. एकत्र आलेखावर विसंबू नकोस. तुझी अष्टपुत्री तिथेच फसली. एकत्र आलेख ठीक दिसत होता, पण लाल वरच्या टोकाला कापला गेला आणि निळा खालच्या टोकाला दबला. पिवळ्यातल्या चुण्या त्या दोघांत गेल्या.

व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरत असशील तर कोऱ्या फटीवरून फिल्म बेसचा रंग एकदा लॉक कर आणि पूर्ण रोल त्याच मापावर काढ. नाहीतर एकाच मांडवातले चेहरे फ्रेमगणिक रंग बदलतात, आणि अल्बममध्ये ते फार खटकतं. मल्टी-एक्स्पोजरच्या, म्हणजे एकच फ्रेम कमीजास्त उजेडात पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याच्या, नादी लागू नकोस; ते दाट स्लाइडसाठी, निगेटिव्हला त्याची फारशी गरज पडत नाही.

उजळ भाग पिवळट आणि सावल्या निळसर, असं एकाच फ्रेममध्ये दिसलं तर व्हाइट बॅलन्सने ते सुटणार नाही. निळ्या चॅनलचा कर्व्ह (उजळपणा बदलणारी वक्ररेषा) घे, वरचं टोक किंचित उचल, खालचं किंचित दाब. किंचित म्हणजे खरोखर किंचित, त्वचेवर नजर ठेवून. पण मागच्या बल्बांचा पिवळेपणा हा दोष धरू नकोस. फिल्म साधारण 5500 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या, उजेडासाठी बनवलेली (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), फ्लॅश त्याच्या जवळचा, बल्ब 2800 च्या आसपास. चेहरे नितळ आणि मागे पिवळा उजेड, हे त्या संध्याकाळचं खरंच रूप होतं.

अंतरपाटाची फ्रेम पुन्हा काढ आणि मला टिफ पाठव, जेपेग नको. तिन्ही चॅनलचे स्क्रीनशॉटही जोड, म्हणजे कर्व्ह कुठून वळवायचा ते नेमकं सांगता येईल.