'चयापचय'चा पोटाशी काय संबंध?

दापोलीहून प्रश्न आला आहे: "'चयापचय' लिहावं की 'चयपचय'? आणि पेशीत ऊर्जा तयार होते, त्याला 'पेशीचं पचन' म्हणता येईल का?"

'चयापचय', म्हणजे शरीरात सतत चालणारी घडण आणि मोड, इंग्रजीत 'मेटाबॉलिझम'. 'चयपचय' असा शब्दच नाही. परवा एका व्यायामशाळेच्या पाटीवर 'तुमचा पचय वाढवा' वाचलं, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. 'अपचय म्हणजे अपचन' असं भाषणात ठोकून देणारेही भेटलेत!

शब्द फोडून पाहा: चय + अपचय. 'पच्' धातू यात औषधालाही नाही. 'प' दिसतो तो 'अप'मधला. धातू आहे 'चि', म्हणजे एकावर एक रचणं. रचलं तो चय, उतरवलं तो अपचय. आपलं 'चिणणं' याच धातूचं. घरामागचा गडगा आठवा. पावसात ढासळतो, आणि तेच दगड उचलून आपण पुन्हा लावतो. (जांभ्याचा 'चिरा' मात्र या घराण्यातला नव्हे; तो चिरण्यातला, असं माझं मत.) आणि शरीराला 'काय' का म्हणतात? पाणिनीने 'चि'पासूनच 'काय' साधला आहे, सूत्र ३.३.४१. काय म्हणजे रचलेला ढीग. शेवटी ही काया जिच्यावर ठेवतात ती चितासुद्धा 'चि'चीच! अख्खा जन्म एका धातूत बसला की नाही?

एका ज्येष्ठ अभ्यासकांचा आग्रह आहे की 'चयापचय' बोजड, 'पालट' म्हणा. 'मेटाबॉलिझम'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही नुसता 'बदल'च. तो शब्द पेशींच्या संदर्भात १८३९ साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी वापरला (नावाला हसू नका). पण नोट मोडली तरी पालटच होतो, साहेब! ग्रीकाला जे दोन दिशांचं काम एका शब्दात सांगता आलं नाही, ते आपल्या शब्दात आहे. ते घालवून काय मिळवायचं?

हो, तुमचं 'पेशीचं पचन' राहिलंच. नको. पचन आतड्यात उरकतं, पेशीला आयतं ग्लुकोज मिळतं. पेशीद्रवात त्याचे दोन तुकडे होतात तेव्हा एटीपीचे (पेशीचं ऊर्जेचं चलनच ते) निव्वळ २ रेणू पदरी पडतात. पुढे तंतुकणिकेत (पेशीतल्या 'मायटोकॉन्ड्रिया'त) ऑक्सिजनच्या मदतीने एकूण बेरीज ३०–३२ पर्यंत जाते. हा झाला अपचय. ते एटीपी प्रथिनं बांधण्यात खर्ची पडतात, तो चय. माडाच्या पोयीतून उतरवलेली नीरा दुपारपर्यंत फेसाळून माडी होते, ती यीस्टची करामत. यीस्टला ना पोट, ना आतडं. ऑक्सिजनवाचून एका ग्लुकोजमागे २ एटीपींवर भागवतं आणि मद्यार्क मागे टाकतं. तरी चयापचय आहेच ना? पेशीत ऑक्सिजन घेऊन जे चालतं त्याला 'पेशीश्वसन' म्हणा. पचन जेवणानंतरच्या गप्पांसाठी ठेवा.