जुनी कादंबरी ऐकायची तर कशी?

प्रश्न: हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ऑडिओवर ऐकायला घेतलीय पण खूप मोठी आहे, सलग ऐकवत नाही, काय करू?

उत्तर: अहो सलग ऐकूच नका! ही कादंबरी मुळात 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, तेव्हाचे वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे, म्हणून रोज एकच प्रकरण ऐका. आणि कादंबरीची नायिका यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते ना, लहानपण, लग्न, सासर सगळं, त्यामुळे कानाला तर ती फारच जवळची वाटते. स्पीड अजिबात वाढवू नका प्लीज, तिचं बोलणं सावकाशच ऐकायचं. नात्यांचा गोंधळ झाला तर तेवढं प्रकरण पुस्तकात उघडून बघा.